बॅटरी उतरते

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईबापांच्याही आधी काकाजींचं नाव घेतो, आणि माझी आईही त्याला हौ म्हणते. काकाजी माझे कोणी लागत नाहीत. बालाघाटात काली पुतली चौकातून आत वळलं की डाव्या हाताला त्यांचं मोबाइलचं दुकान होतं आणि मी तिथे चार वर्षं काउंटरवर उभा होतो, एवढंच आमचं नातं. पण विकलेली वस्तू परत घ्यायला इतका राजी आणि परत आणण्याचं कारण मान्य करायला इतका नाराज असा दुकानदार सगळ्या मध्यप्रदेशात दुसरा झाला नसेल, हे मी शपथेवर सांगू शकतो. शाळा-कॉलेजं मोबाइलवर भरू लागली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत आमच्याकडे टॅबलेटची लाट आली होती. ज्या घरात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं त्या घरातही टॅब गेला. आणि जितक्या घाईने गेला तितक्याच घाईने, आठ-दहा दिवसांत, त्याच डब्यात, त्याच पिशवीत घालून परत येऊ लागला. परत आणणाऱ्या सगळ्यांचं कारण एकच असे, की बॅटरी उतरते. काकाजी डबा बाजूला ठेवत, चहा मागवत, आणि शांतपणे म्हणत, "हे तं बिलावर लिवाचं कारण झालं. आता घरचं सांगा."

विकण्याची त्यांची तऱ्हाही काही कमी नव्हती. एकट्या पुरुषाला ते टॅब विकत नसत. घरातलं कोणी बाईमाणूस आणा, मग बोलू, असं सांगून त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानाला आयती दिली. बाईमाणूस आलं की ते आधी स्वतःचे हात साबणाने धूत, मग डबा उघडत, आणि काचेला पहिलं बोट घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने लावायचं, असा त्यांचा कायदा होता. त्यानंतर सगळ्या कुटुंबाला दुकानाच्या पायरीवर उभं करून त्याच टॅबवर पहिला फोटो. फोटोत कोणी हसलं नाही तर ते तसाच ठेवत. हसल्यावर घेतलेला फोटो खोटा पडतो, असं त्यांचं मत होतं.

पण त्यांची खरी तऱ्हा वस्तू परत आल्यावर दिसे. चहाच्या दोन कपांत घरचं कारण निघालं नाही, तर रविवारी ते स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जात. पैसे किंवा दुसरी वस्तू त्यांनी आधीच देऊन टाकलेली असे, त्यामुळे आता हे कशाला आले, हे त्या घराला उमगत नसे. स्कूटरच्या मागे दोरीने बांधलेलं लाकडी स्टूल असे. कोणाच्याही अंगणात गेले की ते आपलं स्टूल सोडत आणि त्याच्यावर बसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की खुर्ची दिली की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला कोणी खरं सांगत नाही. लोक खुर्ची आणायला धावत, काकाजी हात हलवून नको म्हणत, आणि सगळं घर अवघडून उभं राही. अवघडलेला माणूस लवकर बोलतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

अशा एका रविवारी ते एका विडी वळणाऱ्या म्हातारीच्या घरी गेले. तिच्या नातवाने टॅब परत आणताना बोट लावलं की चालत नाही, असं सांगितलं होतं, आणि दुकानात तर तो लोण्यासारखा चालत होता. काकाजींनी म्हातारीचा हात हातात घेऊन पाहिला. तेंदूपत्ता आणि सूत ओढून ओढून बोटांची टोकं दगडासारखी गुळगुळीत झाली होती. म्हातारी म्हणाली, "हे मशीन मले वळखत नाई बापू. आधारवाल्याचंही वळखत नाई. मी आहो का नाई, हे आता माह्यं मलेच पुसा लागते." काकाजींनी तिला बोटाच्या पेराने काच दाबायला शिकवलं. अर्ध्या तासाने ती पेराने कीर्तन लावू लागली आणि टॅब त्या घरात राहिला. दुकानात आल्यावर काकाजी स्वतःची बोटं उजेडात धरून बराच वेळ पाहत बसले.

सगळी कारणं अशी पेराने सुटणारी नव्हती. एक म्हातारं जोडपं कॅमेरा खराब आहे म्हणून टॅब घेऊन आलं. हैदराबादला नोकरीला असलेल्या मुलाचा चेहरा बघायला त्यांनी तो घेतला होता आणि मुलाचा चेहरा काही दिसत नव्हता. घंटी वाजते, पण पुढे काही येत नाही, असं आजोबा सांगत होते. काकाजींनी दुकानाच्या फोनवरून तोच नंबर लावला. दुसऱ्या घंटीला मुलाने उचलला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. काकाजींनी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. म्हाताऱ्यांनी आवाज ऐकला होता. मी आता काकाजी काय म्हणतात म्हणून पाहत होतो, तर ते म्हणाले, "हौ, कॅमेराच खराब आहे. कंपनीचा दोष आहे, तुमचा काई नाई." आणि चांगला टॅब परत घेतला. बिलावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘कॅमेरा’ असं लिहिलं. घरचं कारण माहीत असूनही बिलावरचं कारण मान्य केल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मीही त्यांना असाच भेटलो. आमचं गाव लामत्यापासून आत, बाबा दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात राबणारे, आणि आमच्या सात पिढ्यांत कॉलेजात गेलेला मी पहिला. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला घेतलेला टॅब मी दीड महिन्यात परत आणला आणि सगळ्यांसारखंच बॅटरीचं सांगितलं. रविवारी स्टूल आमच्या अंगणात. बाबा खोकत होते, घरात विजेचा बोर्ड एक, त्यात पंख्याची पिन. आईने सांगितलं की पोराने पिन काढली की त्याच्या बापाला घाम फुटतो, म्हणून आम्हीच म्हटलं परत कर. काकाजींनी मान हलवली, खिशातून पेचकस काढला, आणि तासाभरात दुसरा बोर्ड लावून दिला. मग स्टूल बांधताना मला स्कूटरजवळ बोलावून हळूच विचारलं, "बोर्ड झाला. आता तुयं सांग." तेव्हा मी सांगितलं की मी दोन विषयांत नापास आहे आणि घरी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी माझ्या बाबांना ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की उद्यापासून सकाळी कॉलेज आणि दुपारून दुकान, आणि संध्याकाळी दुकानाच्या उजेडात पुस्तक. ते दोन विषय मी दुकानाच्या मागच्या खोलीत, टॅबच्या रिकाम्या डब्यांवर वही ठेवून सोडवले. माझी शाळा हिंदी. मराठी लिहायला मी तिथेच शिकलो. नागपूरचा पेपर रोज मोठ्याने वाचायचा आणि त्यातल्या एका बातमीचं त्यांना पत्र लिहून द्यायचं, हा त्यांचा नेम होता. पत्र वाचून ते खाली सही करत, जसं काही ते त्यांनाच टपालाने आलंय.

पुढे मी बीएस्सी पास झालो तेव्हा त्यांनी चौकातल्या प्रत्येकाला पेढा दिला. त्यानंतर मात्र माझ्या डोक्यावर एक ओझं आलं. दुकानात कोणीही आलं की काकाजी माझ्याकडे बोट करून सांगत, "आमचा हा बीएस्सी आहे. मशीनीचं याले पुसा, मले नोको." टॅब चालू करताना प्रत्येक घरासाठी वेगळी ईमेल आयडी बनवायची, पासवर्ड घरातल्या बाईला ठरवू द्यायचा, घाई करायची नाही, हेही त्यांचंच सांगणं होतं. ईमेल म्हणजे काय ते त्यांना पुरतं माहीत नव्हतं. पण एका घराची चावी दुसऱ्या घराला लागू नये, इतकं त्यांना कळत होतं.

लग्नसराईच्या आधीच्या एका बाजाराच्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. लामत्याचे एक काटेवाले, म्हणजे धानाच्या गिरणीत वजनाच्या काट्यावर बसणारे गृहस्थ, आपल्या मुलीला घेऊन आले होते. मुलीचं नाव संध्या, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचं नुकतंच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, आणि मुलाकडचे परसवाड्याचे लोकही बस्ता बांधायला सोबतच बालाघाटला आले होते. काटेवाल्यांनी मुलीच्या अभ्यासासाठी टॅब घेतला. ते पाहून होणाऱ्या व्याह्यांना आपण मागे पडलो असं वाटलं असावं. टॅबचं काय करायचं हे न विचारता त्यांनीही तसाच, त्याच रंगाचा घेतला. काकाजी पायरीवर दोन्ही घरांचा फोटो काढण्यात गुंग होते. त्या दुपारी सात टॅब विकले गेले. कोणाकडे ईमेल नव्हती, कोणाच्या साध्या फोनवर ओटीपी येत नव्हता, बसची वेळ होत होती. मी दुकानाच्या नावाची एकच आयडी सातही टॅबमध्ये टाकली आणि काकाजींना सांगितलं, की सगळ्यांचं वेगवेगळं केलं.

दोन आठवड्यांनी त्या सातांतला पहिला परत आला. आणणारा गावातलाच एक शिंपी होता, अतिशय सरळ माणूस. बॅटरी उतरते म्हणाला. काकाजी स्टूल घेऊन त्याच्याकडे जाऊन आले आणि पहिल्यांदाच हात हलवत परत आले. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, पण का ते दोघंही सांगत नाहीत, असं म्हणाले. मागच्या खोलीत मी तो टॅब उघडला. त्यात बाकीच्या सहा घरांचे फोटो होते. कोणाचा बैल, कोणाचं बारसं, कोणाच्या छताची गळती, आणि संध्याचे कॉलेजातले पंधरा-वीस फोटो, ज्यांच्यावरून शिंप्याच्या बायकोने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. एकाने काढलेला फोटो सातही घरांत उमटत होता. मला सगळं त्याच क्षणी कळलं. दुकानाच्या फोनवरून पासवर्ड बदलला असता, तर एका जागी बसून सातही दारं एकदम बंद झाली असती. पण हे मी नंतर शिकलो. तेव्हा मला वाटलं की सहा घरी जाऊन सहा टॅब मागावे लागतील, आणि त्याआधी काकाजींना सांगावं लागेल. त्याच आठवड्यात ते माझी पदवी काचेत मढवायला देऊन आले होते. मी तेवढ्या एका टॅबमधून आयडी काढली आणि गप्प बसलो. तीन आठवडे गप्प बसलो.

त्या तीन आठवड्यांत संध्याच्या कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं. आमच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार बऱ्याच घरांतून आहे. संध्याला कार्ड मिळालं, त्यावर ‘वाहक’ असं लिहिलेलं होतं. वाहक म्हणजे आजारी नाही. तिला आयुष्यभर काही होणार नव्हतं. नवऱ्याच्या रक्तातही तेच असेल तर लेकरांना धोका, म्हणून लग्नाआधी त्याचीही तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. पोरगी शहाणी होती. कॉलेजातल्या मॅडमना नीट विचारून मग घरी सांगावं म्हणून तिने कार्डाचा फोटो काढून ठेवला. तिच्या टॅबवर, म्हणजे परसवाड्याच्या टॅबवरही.

परसवाड्याचे व्याही टॅब घेऊन आले आणि त्यांनीही बॅटरीचंच सांगितलं. त्या रविवारी काकाजींनी मला सोबत नेलं, मशीनीचं समजावून सांगायला. अंगणात स्टूल ठेवून ते बसले, मी मागे उभा. चहाही न विचारता मुलाच्या आईने सांगून टाकलं, की बॅटरी-बिटरी काही नाही, मशीनने आम्हाला वाचवलं. पोरगी बिमार आहे, तिचं सरकारी कार्ड आपोआप आमच्या काचेवर आलं, देवाच्यान आलं, आणि आम्ही कालच सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला. आता ते मशीन घरात ठेवायला भीती वाटते म्हणून परत केलं. काकाजींनी त्यांना समजावलं, की पोरगी बिमार नाही, तुम्ही पोराचीही तपासणी करा आणि मग ठरवा. त्यावर मुलाचे वडील उठून उभे राहिले. "आमच्या पोराची काहून? पोरगं धडधाकट आहे. आन तुमी मोबाइल विकता का रगत तपासता?" त्यांनी ते स्टूल उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं. काकाजींना स्टुलावरून त्यांनी ढकललं नाही, ते उठेपर्यंत थांबले, हेही सांगितलं पाहिजे.

परतताना वाटेत एका नाल्याच्या पुलावर काकाजींनी स्कूटर थांबवली. माझ्याकडे न बघता विचारलं, "एका घरचा फोटो दुसऱ्या घरी जाऊ शकते का रे?"

मी म्हणालो, "जाऊ शकते. कंपनीचीच सिस्टिम तशी आहे."

ते म्हणाले, "कंपनीले लामत्यात कोण वळखते? दुकान आपलं आहे. चूक आपली." आणि स्कूटरला किक मारली. इतक्या अंगणांत इतक्या लोकांकडून घरचं कारण काढणाऱ्या माणसाने माझं पहिलं उत्तर तसंच्या तसं घेतलं.

लामत्याचे काटेवाले स्वतःच आले. टॅब काउंटरवर ठेवून म्हणाले की कारण काही नाही, घ्या. काकाजींनी चहा मागवला नाही. हात जोडून म्हणाले की चूक दुकानाची आहे. काटेवाले म्हणाले, "माह्या पोरीचा कागद तुमच्या मशीननं परसवाड्याच्या बाजारात वाटला. आता तुमी हात जोडा, नाई तं तोडा." मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर. माझी मढवलेली पदवी काकाजींच्या पाठीमागच्या भिंतीवर होती. मी काच पुसायचं कापड घेऊन काच पुसत राहिलो. त्या दिवशी संध्याकाळी मी पासवर्ड कसा बदलतात ते शिकलो, आणि उरलेली सगळी दारं पाच मिनिटांत बंद झाली.

संध्याचं कॉलेज सुटलं. परीक्षेला तीन महिने राहिले होते. मुलगी घराबाहेर पडली की लोक मागून बोलतात, म्हणून काटेवाल्यांनी तिला घरात ठेवलं. काकाजी दर रविवारी लामत्याला जात. परीक्षेला तरी बसू द्या, मी स्वतः नेतो-आणतो, म्हणत. त्यांना कोणी आत घेत नसे, म्हणून ते फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसत. गावातली माणसं गंमत म्हणून बघून जात. पुढच्या उन्हाळ्यात बैहरच्या पलीकडचं एक स्थळ ठरलं, घाईघाईने, दूरचं बघून, आणि कार्डाची गोष्ट त्या लोकांपासून लपवून. काकाजींना कुणकुण लागली तेव्हा ते शेवटचे गेले. मी सोबत होतो. फाटकातूनच ते संध्याच्या आईला सांगत होते, की माय, लपवू नका, त्या पोराची तपासणी करून घ्या. त्याच्यात नसलं तर काहीच भीती नाही, आणि असलं तर लेकरू जन्मभर दुखण्यात जाईल. ते मोठ्याने बोलत होते, कारण त्या बाई दूर विहिरीजवळ पाठ करून उभ्या होत्या. काटेवाले फाटकाशी आले आणि अगदी खालच्या आवाजात बोलले. "एकदा तुमच्यापायी जगाले कळलं. आता तुमच्याच सांगण्यानं पुन्हा कळवू?"

काकाजींनी स्टूल घडी होत नसतानाही घडी करायचा प्रयत्न केला. मी ते त्यांच्या हातातून घेऊन बांधलं.

त्यानंतर त्यांनी टॅब विकणं बंद केलं. मग हळूहळू कोणाच्या घरी जाणंही. गिऱ्हाइकाने बॅटरी म्हटलं की ते बॅटरी लिहीत. मी बीएड करून निघालो, उकव्याकडच्या एका शाळेत अतिथी शिक्षक झालो. वर्षभराने काकाजींना लकवा मारला, उजवा हात गेला, आणि त्यांच्या मुलीने, आमच्या ताईंनी, त्यांना गोंदियाला नेलं. दुकान पुतण्याने विकलं. तिथे आता चपला मिळतात. मी गोंदियाला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी जिभेला जमेल तसं एकच विचारलं, की काटेवाल्यांच्या पोरीचं काही कळलं का. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. जे खोटं होतं ते मी दोन्ही वेळा आत ठेवून परत आलो. या महिन्यात मात्र कळलं, आणि समोर बसून बोलण्याची माझी हिंमत अजून नाही, म्हणून त्यांनीच शिकवलेल्या भाषेत त्यांना हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप काकाजी,

सविनय नमस्कार. ताईंना विनंती, की हे पत्र त्यांनी तुम्हाला पूर्ण वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

सातही टॅबमध्ये एकच आयडी मी टाकली होती. तुम्ही वेगळी करायला सांगितलं होतं आणि मी केली असं खोटं सांगितलं. शिंप्याचा टॅब परत आला त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. संध्याचं कार्ड त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आलं. मी त्या दिवशी बोललो असतो तर ते कार्ड तिच्याशिवाय कोणी पाहिलं नसतं. कंपनीची सिस्टिम वगैरे काही नव्हतं. काटेवाल्यांपुढे तुम्ही जे हात जोडले ते माझे हात होते.

मागच्या गुरुवारी दुपारी उकव्याच्या बसथांब्यावर संध्या भेटली. कडेवर मुलगी होती, वर्षाची असेल. तिने मला ओळखलं आणि आधी तुमचंच विचारलं. मी तिला तिथेच, बस यायच्या आत, हे सगळं सांगितलं. तिने मुलीच्या पायातला मोजा काढून पुन्हा घातला. मग म्हणाली, "तुमी तेव्हा सांगतलं असतं तं माह्यं बीएस्सी झालं असतं." एवढंच. ती ओरडली नाही. मी माफी मागितली, तिने ती घेतलीही नाही आणि टाकलीही नाही.

पण काकाजी, तुम्हाला हे पत्र लिहिण्याचं कारण पुढचं आहे. तुम्ही फाटकातून तिच्या आईला सांगत होता तेव्हा ती आतल्या खोलीत होती आणि तिने शब्दन् शब्द ऐकला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच नवऱ्याला कार्ड दाखवलं आणि तपासणीला चला म्हटलं. घरात मोठं भांडण झालं. सासू अजून तिच्याशी नीट बोलत नाही. पण तो मुलगा बैहरला जाऊन रक्त देऊन आला. त्याच्यात काही नाही. लेकरू आईसारखंच वाहक आहे, दुखणं नाही. मुलीचं कार्ड तिने पिशवीतून काढून मला दाखवलं, सगळ्या बसथांब्यासमोर.

तुमचा गोंदियाचा पत्ता तिने मागितला. मी तिच्या हातावर पेनने लिहून दिला, कागद मिळेना म्हणून. ती माहेरी आली की लेकराला घेऊन बालाघाटहून गाडीने तुमच्याकडे येईन म्हणाली. चूक तुमची नव्हती हे मी तिला दोनदा सांगितलं आहे. तरी ती येणार आहे. ताईंना सांगून ठेवा, मुलगी लहान आहे, जिना चढताना कोणीतरी खाली यावं.

तुमचा आज्ञाधारक